न विचारलेले

शितावरून भाताची परीक्षा, म्हणतात.
पण त्यासाठी भात सारखा शिजलेला लागतो,
आणि हॉग्नीच्या दुकानातली उधारी
कुठे करपलेली, कुठे अजून कोरडे तांदूळ.

तोर्शहाव्नहून दोन तासांची बोट. उलटी आवरत पोचले.
जाळी, दोर, गळ, रबरी बूट, डिझेल;
धक्क्यावर हे एकच दुकान, वहीत चारशे अकरा खाती,
एकूण येणं तीस लाख क्रोनर.
सगळ्यांना विचारायला फेब्रुवारी पुरणार नाही.
फेब्रुवारीत इथे उजेडही पुरत नाही.

म्हणून मी माणसं मोजत नाही, क्रोनर मोजते.
तीस लाख एका रांगेत उभे करायचे,
डोळे मिटून एका आकड्यावर पाय रोवायचा
(सतरा हजार तीनशे सहा)
आणि तिथून दर पन्नास हजाराव्या क्रोनरच्या
खांद्यावर हात ठेवायचा:
बाबा रे, तू कोणाच्या खात्यातला?

हॉग्नी हसला. ही तर आमची लांबदोरी, म्हणाला.
ठरल्या अंतरावर गळ,
मधल्या पाण्याला कोण विचारतं?

साठ गळ. मोठे ट्रॉलरवाले निसटणार कुठे,
एकाच्या तर घशात तीन-तीन अडकले.
बारीक मासे बरेचसे सुटले. सुटणारच होते.

बावन्न पत्रं मार्यूनने पाकिटांत घातली.
आमच्या वहीप्रमाणे एकतीस डिसेंबरला आपल्याकडून येणं इतकं.
बरोबर असेल तर सही करा.
नसेल तर तुमचा आकडा लिहा.

एक उत्तर डिझेलच्या वासाचं, त्यात फक्त "हो".
एकावर सहीच्या जागी कोण्या पोराने काढलेली बोट,
ते परत धाडलं.
एक बाईच्या अक्षरात: नवरा ऑक्टोबरात गेला.
आकडा बरोबर आहे. मी फेडते आहे.
आणि हेरालवुरचं:
तुमच्या वहीत आठ हजार, माझ्या हिशोबी सहा.
दोन हजारांचा दोर मी परत आणून दिला होता.
गल्ल्यावर म्हातारा होता. त्याला विचारा.

म्हातारा म्हणजे हॉग्नीचा बाप.
खिडकीशी बसून तो हल्ली समुद्राला वार विचारतो.
दोर मात्र मागच्या खोलीत सापडला,
नोव्हेंबरची तारीख घातलेल्या त्याच्या चिठ्ठीसकट.

आठ हजारांत दोन हजारांची चूक, म्हणजे पाव हिस्सा.
आता हा पाव हिस्सा उचलून
मी पन्नास हजारांच्या अख्ख्या पट्ट्यावर अंथरते.
साडेबारा हजार.
त्यातले दोन हेरालवुरचे.
उरलेले साडेदहा, ज्यांना पत्र गेलंच नाही त्यांच्यातले.

हॉग्नी आता हसला नाही.
ज्यांना तू विचारलं नाहीस
त्यांच्या खात्यांत चूक आहे, हे कोण म्हणालं?
कोणीच नाही, मी म्हणाले.
पण विसरणारा माणूस एकदाच विसरत नाही.
तो खिडकीकडे बघत राहिला. मी पेनाचं टोपण लावत राहिले.

चूक सोसण्याजोगी निघाली, वरची मर्यादा धरूनही.
हेरालवुरचं खातं दुरुस्त केलं, अहवालावर सही झाली.

निघताना मार्यूनने वहीची शेवटची पानं उघडली.
त्रेचाळीस खाती, सगळ्यांपुढे शून्य,
म्हाताऱ्याच्या हाताने, शाई दाबून काढलेलं.
कोणाची बोट बुडालेली, कोणाचा मुलगा.
येणं फिटलं की नुसतं पुसलं, याची नोंद नाही.

यांच्यापैकी कोणाला विचारलंस?
नाही, मी म्हणाले. शून्यात क्रोनर नसतो.
माझा गळ तिथे बसतच नाही.

तिने वही मिटली.
"बरं आहे," म्हणाली,
आणि बोटीसाठी आल्याची एक वडी हातावर ठेवली.